सरांना मुंग्याच हव्या होत्या

सरांनी मला नोकरी दिली ती छताच्या पंख्यावरून. मुलाखतीला मी सगळी सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. त्यांनी पिशवीकडं बघितलंसुद्धा नाही. वर बोट करून विचारलं, पाती किती? मी म्हटलं, तीन. दिसतात किती? मी मान वर केली. पंखा जोरात फिरत होता. म्हटलं, एकही नाही, नुसतं धुरकट गरगरतंय. मग तीन कशावरून म्हणालात? वाटलं, गेली नोकरी. तर ते म्हणाले, सोमवारपासून या. बाहेर येऊन मी नवऱ्याला सांगितलं, डॉक्टरचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय, पण नोकरी पक्की आहे.

मी सोनोग्राफीच्या खोलीतली नर्स. कर्नाटकातल्या रामनगरहून जोयड्याकडं येताना रस्त्याला लागून आमचा छोटा दवाखाना आहे, त्याचं नाव इथं नको. सर मूळचे धारवाडकडचे, साठी ओलांडलेले, उंच, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडात शिरायचे. खोलीत कुणी तोंड उघडलं की 'सुम्ने' म्हणायचे, म्हणजे गप्प. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं, माझं नावच सुम्ने ठेवलंय की काय यांनी. चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आणि त्या माणसानं मला इतके धक्के दिले की शेवटी शेवटी मी धक्का बसल्याचं तोंड करणंच सोडून दिलं होतं. शेवटचा मात्र असा बसला की अजून उतरलेला नाही.

इतर डॉक्टरांना चित्राचं कौतुक. यांना चित्र नको होतं, हालचाल पाहिजे होती. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा असतो, सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचा. बाई टेबलावर झोपली की सर आधी तो आकडा बघायचे, मग बाईला नमस्कार करायचे. आकडा कमी असला की असा चेहरा करायचे की त्या बिचारीला वाटावं, आपल्यालाच काहीतरी भयंकर झालंय. एकदा मी चिडून म्हटलं, सर, आधी पेशंटकडं बघा की. ते म्हणाले, ज्याच्यातून बघायचं ते धड आहे का, हे आधी बघू नको?

त्या आकड्याची भानगड त्यांनी मला अणशी घाटात समजावली. तपासणी शिबिराला निघालो होतो. मध्येच जीप थांबवली, मला दरीच्या कडेला उभं केलं आणि समोरच्या डोंगराला हाक मारायला सांगितलं. मी लाजत लाजत ओरडले. जरा वेळानं प्रतिसाद आला. आता ह्या जवळच्या कड्याला मारा, म्हणाले. तो लगेच आला. मशीन एवढंच करतं, म्हणाले. एका रेषेत हाक मारतं, प्रतिसाद येईपर्यंत थांबतं, मग शेजारच्या रेषेत दुसरी हाक. खोल बघायला गेलात तर जास्त थांबावं लागतं, रुंद बघायला गेलात तर जास्त हाका माराव्या लागतात. दोन्हीचा हव्यास केला की एक चित्र पुरं होईस्तोवर आतलं काळीज एकदा उडून पुन्हा बसलेलं असतं. आमचं ओरडणं ऐकून वनखात्याचा गार्ड धावत आला, वाघाच्या जंगलात काय आरडाओरडा लावलाय म्हणून. सरांनी शांतपणे त्यालाही एक हाक मारायला लावली. त्यानं ती मारली, हे बघून ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिला. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मला सगळं कळलं होतं. नर्सिंगच्या शिक्षणात मला कुणी कधी काही असं समजावलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांचं चित्र एवढं अरुंद का असतं ते उमगलं. हवं तेवढंच ठेवायचे, बाकी दोन्ही बाजूंनी कापून टाकायचे. लोक त्यांना फटीचे डॉक्टर म्हणायचे. ती फट ते दवाखान्याबाहेरही घेऊन हिंडायचे. उळवीच्या जत्रेत रथ निघाला की सगळे हात जोडून उभे, आणि हे एक डोळा मिटून, मुठीची नळी करून रथाचं चाक बघतायत. बेळगावकडच्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं ही कसली तरी साधना आहे. त्यांनी यांच्याच पाया पडून घेतलं. गणेशगुडीच्या पुलावर खंड्या पाण्यात सूर कसा मारतो, हे मोबाइलवर सावकाश करून बघण्याच्या नादात बस निघून गेली, यांची बॅग बसमध्ये. बॅग पुढं जोयड्याच्या स्टँडवर मिळाली. सरांना त्याचं काही नव्हतं. महिनाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तो खंड्या दाखवत होते.

पण कधी कधी त्यांचा मला भयंकर राग यायचा. नातेवाईक फोटो मागायचे, पोटातल्या लेकराचा फोटो हल्ली सगळ्यांना हवाच असतो. सर चित्र थांबवायचं बटण दाबायचे. पडद्यावर सगळं जिथल्या तिथं. मग सासूकडं वळून विचारायचे, सांगा बघू, जित्तं हाय का मेलं? सासू पांढरीफटक. मग बटण सोडायचे, लेकरू पुन्हा हलायला लागायचं, आणि हे म्हणायचे, फोटोत दोन्ही सारखंच दिसतं, नेऊन काय करणार? पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना व्हरांड्यात नेऊन चांगलं झापलं. गरोदर बाईच्या माणसांशी असं बोलतात का? त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, खरंय म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. मुलगा का मुलगी, असं कुणी हळूच विचारलं तर त्याला दारावरचा कायद्याचा बोर्ड मोठ्यानं वाचायला लावायचे, आधी कन्नडात, मग मराठीत.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

आमच्या खोलीत बाईला दिसावं म्हणून भिंतीवर दुसरा पडदा होता. सरांच्या चित्रात सगळीकडं दाणे दाणे दिसायचे, वळवळणारे. त्यांनी ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. गुळगुळीत केलं की हालचाल मरते, म्हणायचे. पण लोकांना ते काय कळणार? बायका म्हणायच्या, अक्का, ह्यात नुसत्या मुंग्याच दिसत्यात की. बेळगावात कसं दुधासारखं दिसतंय. एक तर म्हणाली, जुनं मशीन हाय व्हय, गरिबाला चालतंय म्हणून ठेवलंय? तिथं मला लाज वाटायची. माझी खोली, माझी झाडलोट, पडद्यावर मी रोज मऊ फडकं फिरवायची, आणि लोक मुंग्यांना हसायचे.

वर्षातून एकदा मशीनची तपासणी करायला माणूस यायचा. त्या वर्षी तो आला तेव्हा सर भाचीच्या लग्नाला धारवाडला होते. काम झाल्यावर त्यानं सहज विचारलं, चित्र जरा गुळगुळीत करून देऊ का? त्यानं काहीतरी फिरवलं आणि मुंग्या गेल्या. अहाहा, काय चित्र ते! सुरुवातीच्या महिन्यांच्या तपासणीसाठी सरांनी स्वतःच्या मापानं एक बटण बांधून घेतलं होतं, ते दाबलं की त्यांचं सगळं जसंच्या तसं यायचं. मी म्हटलं, हे त्या बटणावरच ठेवा. तो म्हणाला, डॉक्टर काही म्हणणार नाहीत ना? मी सांगते त्यांना, म्हटलं. सांगितलं नाही. विसरले असं मला म्हणता आलं असतं, पण विसरले नव्हते. सांगितलं की मुंग्या परत येणार. चार दिवस तरी बायकांना देखणं चित्र बघू दे, असं माझ्या मनात होतं.

सर आले. बटण दाबलं. कोपऱ्यातला आकडा नेहमीचाच होता, त्यांनी तो नेहमीसारखा बघितला. म्हणाले, आज चित्र गोड दिसतंय, सर्व्हिसिंग बरं झालेलं दिसतंय. मी मनातल्या मनात फुगले.

त्या दिवशी सुमित्रा आली. अणशीच्याही आतल्या वाडीतली. लग्नाला आठ वर्षं होऊन पहिल्यांदाच दिवस गेलेले, सातवा आठवडा. बरोबर सासू. भिंतीवरच्या पडद्यावर पोटातली काळी पिशवी स्वच्छ दिसत होती आणि तिच्यात पांढरा दाणा, म्हणजे लेकरू. असं चित्र आमच्या खोलीत कधी दिसलं नव्हतं. मी सुमित्राला म्हटलंसुद्धा, बघ किती नीट दिसतंय. दाणा हलत नव्हता. खूप वेळ बघितल्यावर सर रेघ लावायला निघाले. रेघ म्हणजे मशीन सगळं सोडून एकाच जागी पुन्हा पुन्हा हाक मारतं, तिथं ठोका असेल तर पडद्यावर लाट उमटते. त्यांचा हात बटणापाशी गेला आणि करंट गेला. जनरेटर लागला, पण मशीन पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं जातात. त्याआधीच सुमित्राला रडू फुटलं होतं, कारण सासूनं मला दोनदा डोळ्यांनी विचारलं होतं आणि मी दोनदा नाही म्हणून मान हलवली होती. बाहेर बाराजणी बसलेल्या, सर मशीनसाठी थांबले नाहीत. सरांनी लिहून दिलं, ठोका दिसला नाही, सात दिवसांनी पुन्हा तपासायचं, तोवर कसलीही गोळी नको. हे त्यांनी दोन्ही भाषांत तीनदा सांगितलं.

सातव्या दिवशी ती आली नाही. बस चुकली असेल, असं मला वाटलं, आणि मी ते सोडून दिलं.

नवव्या दिवशी दुसरी एक बाई होती. तसाच दाणा, तसाच निश्चल. या वेळी करंट होता. सरांनी रेघ लावली आणि पडद्यावर लाटा आल्या, एकामागून एक, भराभर. सरांनी रेघेकडं बघितलं, चित्राकडं बघितलं, पुन्हा रेघेकडं. चित्रात मेलेलं आणि रेघेत जिवंत. बाईला त्यांनी हसून सांगितलं, छान आहे, घरी जा. ती गेल्यावर दार लावून मला विचारलं, सिस्टर, ह्या बटणाला कुणी हात लावला?

मी सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसून हळूहळू बोलत राहिले, मला नव्हे, स्वतःलाच. चित्रं तेवढीच निघत होती, आकडा खोटा नव्हता. पण गुळगुळीत करायला मशीन दर नव्या चित्रात आधीची चार-पाच चित्रं कालवत होतं, आजच्या आमटीत कालची ओतावी तसं. एवढासा ठोका त्यात विरघळून गेला. तीस वर्षं मी लोकांना सांगतोय, नीट बघा, आणि मी स्वतः बघितला तो आकडा. दहा मिनिटं थांबायचं होतं, थांबलो नाही. मग त्यांनी रजिस्टर ओढलं आणि नऊ दिवसांच्या नावांवरून बोट खाली आणत गेले. एका नावावर बोट थांबलं.

फोन मी लावला. सुमित्राच्या नवऱ्यानं उचलला. तो अगदी साधेपणानं म्हणाला, पिशवी धुऊन घेतली की, तिसऱ्याच दिवशी, दुसरीकडं. वाडीतली माणसं म्हणाली आत विष पसरतंय, म्हणून थांबलो नाही. तुमचा कागद दाखवला. आणि विचारलं, गोळ्या अजून किती दिवस द्यायच्या? मी फोन सरांपुढं धरला. सरांनी तो माझ्या हातातून घेऊन गोळ्यांचं सांगितलं.

दवाखान्याचा कारभार बघणारे गृहस्थ होते, त्यांनी सरांना बजावलं, तिकडं जायचं नाही. ते लेकरू जिवंत होतं असं तरी कुठं कळणार आहे आता? मीही हात जोडले. सर, झालं ते झालं, तिला सांगून काय मिळणार, उलट जन्मभराचा जाळ. खरं सांगते, त्यातली निम्मी काळजी तिची होती आणि निम्मी माझी. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ती बाई आत्ता घरात बसून शोधत असेल, मी काय खाल्लं, काय उचललं, कुठं पाय घसरला. तिला तसंच शोधत ठेवायचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मला ते चला म्हणाले नव्हते. मीच जीपमध्ये जाऊन बसले.

अंगणात चटईवर कोकमाची सोलं वाळत होती. नवरा कुंपणाच्या काठ्या बांधत होता. सुमित्रा ओट्यावर कोकमं फोडत बसली होती, हात मनगटापर्यंत लाल. सासूनं घोंगडी टाकली. सर घोंगडीवर न बसता सुमित्राच्या समोर जमिनीवर बसले आणि सांगायला लागले. एक शब्द मऊ केला नाही, एक शब्द वाढवला नाही. मशीनचं बटण बदललेलं होतं, मी ते बघितलं नाही. तशाच दुसऱ्या बाईच्या पोटात ठोका निघाला. तुझ्या लेकराचा ठोका होता का नव्हता, हे मला सांगता येत नाही, आणि आता कधीच सांगता येणार नाही. तू काही केलं म्हणून झालं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. चूक माझी.

सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे पुसले. मला वाटलं, पोचलं. तर ती म्हणाली, "सर, तुमी देवमाणूस. हिचं मन राखाया एवढ्या लांब आलासा. पण मशीन कुठं खोटं सांगतंय व्हय?" मग हळू आवाजात तक्रार केल्यासारखं म्हणाली, नको म्हणत असताना ही जळणाला गेली, भारा घेऊन आली, आमी काय तिला मारतोय का, पण झालं ते त्यानंच झालं.

सर पुन्हा सांगायला लागले. हाका, रेषा, कालवलेली चित्रं. ते जेवढं समजावत होते तेवढी सासूची मान जास्त मायेनं हलत होती. सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं, फटीचे डॉक्टर जरा चक्रम आहेत आणि मनानं फार चांगले आहेत. असा माणूस दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेणारच, याबद्दल त्या म्हातारीला शंकाच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःबद्दल वाईट सांगत होते आणि कुणी ते खरं मानत नव्हतं. असं हरलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

सुमित्रा इतका वेळ मान खाली घालून कोकमं फोडत होती. तिनं हात थांबवले. विचारलं, "सर, बटण फिरवलं कुणी?"

सर म्हणाले, "खोली माझी, मशीन माझं."

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. आता मी गप्प बसले असते तर आम्ही चहा पिऊन परत आलो असतो, आणि त्या घरात जळणाचा भारा कायमचा तिच्या डोक्यावर राहिला असता.

"मावशी, ते मी फिरवायला लावलं," मी म्हटलं. "लोक आमच्या चित्राला हसत हुते, मला लाज वाटायची. चांगलं दिसावं म्हणून मी त्या माणसाला सांगितलं, आणि सरांपास्नं लपवून ठेवलं. त्या दिवशी तुमी मला डोळ्यांनी विचारलंसा, तवा मान बी मीच हलवली. सर मन राखाया बोलत न्हाईत. भाऱ्यानं काय झालं न्हाई."

म्हातारीची मान हलायची थांबली. ती माझ्याकडं बघत राहिली, मग सुनेकडं. सुमित्रा उठली. लाल हात पदराला न पुसताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाटलं, आता मारणार. मारावंच, असंही वाटलं. ती वळली आणि अंगणाच्या कडेला गेली. नवऱ्याला काठ्या ठेवून वर यायला सांगितलं. शेजारच्या घराकडं तोंड करून तिथल्या चुलत जावेला हाक मारली, तिच्या सासूलाही बोलावलं. सगळी येऊन बसेपर्यंत ती उभीच होती. मग ओट्यावर आपल्या जागी बसली.

"अक्का," म्हणाली, "आता पयल्यापास्नं सांगा. समद्यास्नी ऐकू यील असं."

मी पहिल्यापासून सांगितलं. मध्ये दोनदा मी अडखळले. ती दोन्ही वेळा थांबली, पण पुरे म्हणाली नाही.